वक्त्याची वीस मिनिटं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि माझ्या घरात तिच्यापासून काही लपत नाही, दुधाच्या हिशेबापासून माझ्या रक्तातल्या साखरेपर्यंत सगळं तिला ठाऊक असतं. एवढं एक सोडून. कितीदा तोंडाशी आलं आणि मी पाणी पिऊन गिळलं. आठ वर्षं झाली. बाहेरून बघाल तर गोष्ट इतकी किरकोळ की तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही स्वतःला तेच म्हणत आलो. एवढंच तर.

पण आधी मी कसा माणूस आहे ते सांगायला हवं. त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

मी मूळचा अमळनेरकडचा. तीस वर्षांपूर्वी सुरतेला आलो. पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, अकाउंट्स सांभाळतो. आकडा चुकला की मला जेवण जात नाही. लोक याला गुण म्हणतात, आणि खरं सांगू? मलाही तो गुणच वाटायचा.

आमचं एक सेवा मंडळ आहे. रक्तदान, चष्मेवाटप, अशी कामं करतं. दर गुरुवारी संध्याकाळी उधन्याच्या एका हॉलमध्ये सभा असते आणि प्रत्येक सभेला एक पाहुणा वक्ता. योगवाले येऊन गेले, इन्कम टॅक्सवाले, बोन्साय करणाऱ्या एक बाई. हिमालयात जाऊन आलेल्या एका गृहस्थांचे तर फोटोच संपेनात. त्या दिवशी चहा दोनदा गरम करावा लागला. पुढच्या सभेत मीच ठराव मांडला: वक्त्याला वीस मिनिटं. घंटा वाजली की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. मग कोषाध्यक्षांचं आभारप्रदर्शन, शाल, चहा. सगळे म्हणाले, मंजूर, पण घंटा कोण वाजवणार? आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

पितळेची टेबलावरची घंटी आणली मी. शेजारी स्टॉपवॉच. एकदा कलेक्टरसाहेबांच्या भाषणात, ऐन शेर म्हणताना, दुसरी ओळ यायच्या आत घंटी वाजवली. ते थांबले, हसले आणि बसले. हॉल टाळ्यांनी भरला. आमच्यातले एक म्हातारे मेहताकाका ओरडले, “अरे, पाटीलभाई की घंटी पे तो सूरत स्टेशन अपनी घड़ी मिलाता है!”

त्या दिवसापासून सभेत कोणी घड्याळ बघेनासं झालं. सगळं माझ्यावर सोडलं.

आता विलास. माझा शाळेपासूनचा मित्र. तो डॉक्टर झाला आणि गोडादऱ्यात दवाखाना टाकून बसला. त्याचे बहुतेक पेशंट आपलेच, खान्देशातून आलेले, लूमवर आणि रंगाच्या कारखान्यांत खपणारे. एका रविवारी घरी येऊन म्हणाला, “सुरेश, मला एक गुरुवार दे.” मी विचारलं, विषय काय? म्हणाला, “दमा.”

मग सविस्तर सांगितलं. कारखान्यात एक खोली असते, तिला कलर किचन म्हणतात. तिथं रंगाची पावडर वजन करून मिसळतात. ती पावडर हवेत उडते आणि छातीत बसते. तिथल्या काही माणसांना दम लागायला लागलाय. लवकर थांबवलं तर माणूस वाचतो, उशीर झाला तर तो दमा जन्माचा. विलास म्हणाला, “तुमच्या मंडळात निम्मे कारखानदार आहेत. मी कुणाचं नाव घेणार नाही. शेवटी फक्त दोन गोष्टी मागणार. हवा ओढून घेणारा पंखा आणि चांगला मास्क. कापडाचा नाही, खरा.”

मी हो म्हटलं. त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष कोण होते? माझेच शेठ. ते मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण नाव घेणार नाही म्हणाला ना, मग काय बिघडतं, असा हिशेब मी केला.

विलासला सभेत बोलायची सवय नव्हती. आठवडाभर तो घरी बोलून बघत होता, बायको घड्याळ घेऊन समोर बसायची. त्या दिवशी हॉलमध्ये आला तेव्हा घामाघूम झालेला. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि मला म्हणाला, “हे बघत बसलो तर बोलायचं विसरेन. तू आहेस ना.”

आणि मग मला शेवटच्या रांगेत भिकन दिसला.

भिकन आमच्याच कलर किचनमध्ये होता. पारोळ्याकडचा, विलासचा पेशंट. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून, लग्नाला आल्यासारखा ताठ बसलेला. मी विलासला बाजूला घेतलं. तो सहज म्हणाला, “अरे, शेवटी त्याला उभा करणार आहे. दोन वाक्यं बोलेल. नाव घेणार नाही म्हटलं ते कारखान्याचं. पण माणूस दिसल्याशिवाय लोकांना पटत नाही.”

शेठ पहिल्या रांगेत बसले होते. माझ्यापासून हाताच्या अंतरावर.

माईकनं खरखर केली, मग प्रोजेक्टर लागेना, दोघांनी वायरी काढून घातल्या, त्या गडबडीत भाषण नक्की केव्हा सुरू झालं ते माझ्याशिवाय कोणाच्या ध्यानात राहिलं नसावं. मी स्टॉपवॉच दाबलं.

तो छान बोलला हो. मला वाटलं होतं त्याहून कितीतरी छान. सुरुवातीला अडखळला, मग सूर लागला. लोक ऐकत होते. शेठ पुढे वाकून ऐकत होते. आणि मी? मी एक शब्द ऐकत नव्हतो. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: भिकन उभा राहणार. शेठ त्याला विचारणार, तू कुठल्या कारखान्यात? मग मागे वळून बघणार, हा वक्ता आणला कोणी? घराचे हप्ते चालू होते. पोरीची कॉलेजची ॲडमिशन तोंडावर आली होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या वेळी डोक्यात काय होतं ते सांगतोय.

विलास म्हणाला, “अब मैं आपको एक आदमी से मिलाना चाहता हूँ—”

चौदावं मिनिट चालू होतं. मी घंटी वाजवली.

हात आपोआप गेला असं म्हणता आलं असतं. नाही. मी आधी स्टॉपवॉच उलटं ठेवलं. मग वाजवली.

विलासचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत संशय नव्हता, हे मी आजतागायत विसरू शकलेलो नाही. घाबरलेल्या पोरानं मास्तरांकडे बघावं तसं होतं ते. “सॉरी, सॉरी,” म्हणाला, “टाइम का ध्यान नहीं रहा मुझे.” मागे भिकन अर्धा उठला होता. त्याला कळेना, पूर्ण उभं राहायचं की बसायचं. मेहताकाका हसून म्हणाले, “डॉक्टरसाब, पाटीलभाई ने तो कलेक्टर को भी नहीं छोड़ा!” सगळे हसले. आभार झाले, शाल झाली.

चहाच्या वेळी विलास शेठकडे जाऊन उरलेलं बोलू शकला असता. पण लोकांचा वेळ खाल्ल्याच्या शरमेनं तो खांबाजवळ उभा राहिला. मला म्हणाला, “घरी तर एकोणीस मिनिटांत बसत होतं रे. तीनदा बोलून बघितलं होतं. इथं जीभ जड झाली बहुतेक.”

तेव्हा सांगता आलं असतं. तिथंच, चहाचा कप हातात असताना. मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, “पहिल्यांदा होतं असं.”

भिकननं जाताना विचारलं, “मना नंबर उना नही का, आप्पा?” माझा नंबर आला नाही का? मी त्याच्याच बोलीत म्हटलं, “पुढला टाईमले बोलावसूत.” तो हो म्हणून गेला. पुढची वेळ आणायची होती कुणाला?

इथपर्यंतचं मी कधीकधी मनातल्या मनात माफ करून टाकतो. म्हणतो, भिकन उभा राहिला असता तर त्याचीच नोकरी गेली असती, मी उलट वाचवला त्याला. बरीच वर्षं हे सांगून झोपलो मी. पण ते टिकत नाही. ते का टिकत नाही याचं कारण दुसऱ्या दिवशी सकाळी घडलं, आणि जे सांगायला मी एवढा वेळ फिरतोय ते हेच.

शेठ माझ्या टेबलाशी आले. उभ्याउभ्याच विचारलं, “पाटील, काले पेला डॉक्टर छेल्ले शुं केवाना हता? रंगनी वात करता हता ने?” म्हणजे काल ते डॉक्टर शेवटी काय सांगणार होते? आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. मला कोणी दटावलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. सरळ प्रश्न होता. उत्तर मला पाठ होतं. पंखा आणि खरा मास्क. एवढे चार शब्द.

मी म्हणालो, “कंई खास नहीं, शेठ. मास्क पहेरवा जोईए, एवुं बधुं.” काही विशेष नाही, मास्क घालावा वगैरे.

“मास्क तो आपीए छीए,” शेठ म्हणाले. मास्क तर देतोच आपण. आणि गेले. मास्क कापडाचे होते. त्यांची बिलं माझ्याच टेबलावरून जात.

का बोललो नाही? रात्रभर मी ठरवून टाकलं होतं की शेठ चिडतील. ते चिडले नाहीत, तर मग घंटी कशासाठी वाजवली होती? खरं सांगितलं तर शेठ विलासला बोलावणार, दोघं बोलणार आणि ती घंटी उघडी पडणार होती. म्हणून दुसरं खोटं.

भिकन त्यानंतर वर्ष-सव्वा वर्ष कामावर टिकला. आधी जिना चढताना थांबायचा. मग गेटपासून खात्यापर्यंत येताना दोनदा बसायचा. मग यायचाच बंद झाला. विलासनं त्याला काम सोड म्हणून कितीदा सांगितलं होतं, पण काम सोडून खाणार काय? शेवटी छातीनंच सोडवलं. त्याचं काम सुटल्यावर काही महिन्यांनी परदेशी खरेदीदाराची माणसं कारखाना बघायला आली. कलर किचनच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, इथं हवा ओढणारा पंखा का नाही? आठवड्याच्या आत पंखे लागले, नवे मास्क आले. शेठ कुरकुरलेसुद्धा नाहीत. पंखा सुरू झाला तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभा होतो. वर बघत ते म्हणाले, “आ पहेलां कोईए केम न कह्युं?” हे आधी कोणी का नाही सांगितलं?

मी वर बघत राहिलो.

भिकन आता गोडादऱ्यात घरीच असतो. बायको साड्यांना लेस लावते. तो सकाळी दारात खुर्ची टाकून बसतो, बोलताना मधेच थांबून श्वास घेतो. मी दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन जातो. तो आत हाक मारतो, “आप्पा उनात, चहा ठेव.” मी चहा पिऊन येतो.

विलास पुन्हा कुठे बोलला नाही. दोन-तीन ठिकाणांहून त्याला बोलावलं होतं. एका शाळेनं, एका कामगारांच्या संघटनेनं. हाच विषय होता. “मला वेळेचं भान राहत नाही,” म्हणून त्यानं सगळ्यांना नकार दिला. जे त्याला कळलं होतं ते त्याच्या दवाखान्याबाहेर गेलं नाही. गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या साखरपुड्यात दोन्हीकडचे लोक म्हणाले, डॉक्टर, दोन शब्द बोला. त्यानं हात जोडले. मुलीनं लाडानं धरलं, “काका, बोला ना, बाबांची घंटी नाहीये इथं!” तर तो हसत म्हणाला, “नको गं पोरी. एकदा बोललो होतो, तुझ्या बापाला थांबवावं लागलं. चूक माझीच होती. तो बिचारा काय करणार, नियम म्हणजे नियम.”

मांडव हसला. त्यात मीही होतो.

त्याला हे अजून माहीत नाही. भिकनला नाही, शेठना नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही त्यांच्यापैकी कुणाला ओळखत नाही.