ड्युटीवरची करंगळी

ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या गेटवर ती आम्हा कामगारांच्या आधी हजर असायची. हातात खराटा, अंगाला मासळीचा वास आणि आवाज असा, की गेट तिच्या बापाचं असावं. पहाटे घरी विकायचे मासे राखेत घोळून दगडावर घासायचे आणि मग इथे झाडायला यायचं, हा तिचा नेम.

हजेरीसाठी बोट ओळखणारं यंत्र बसलं आणि पंचाईत झाली. मासे घासून घासून झिजलेली तिची गुळगुळीत बोटं त्याला ओळखताच येईनात. मुकादम म्हणाला, "बाई, तुह्या नावावर सुनेचं बोट टाकून देऊ. तिले आणत जाय सोबत."

ती उसळली. "काम मी करून राह्यली न भाऊ? मंग बोट तिचं काऊन?"

मग तिने एकेक बोट काचेवर दाबलं. सगळी नापास. शेवटी उरली डावी करंगळी. हिरवा दिवा लागला आणि अख्ख्या रांगेने टाळ्या पिटल्या.

तेव्हापासून ती करंगळी चिंधीत गुंडाळलेली असते. गेटवर आली की चिंधी सोडते, ऐटीत बोट टेकवते.

"लागलं काय, बाई?" मी एकदा विचारलं.

"नाई भाऊ. हे ड्युटीवरचं बोट हाये. याले मी घरचं काम नाई सांगत."