दुर्गाबाईंच्या वर्गातले सराव पाठ

दुर्गाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते १९६१च्या डिसेंबरात. आम्ही बी.टी.चे, म्हणजे शिक्षकी पदवीचे, आठ विद्यार्थी अमरावतीहून सराव पाठांसाठी अंजनगाव सुर्जीच्या अलीकडच्या एका गावी गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून मला ओळखतात आणि ओळखून वर नमस्कारही करतात, हे जास्त वाईट.

आमच्या कॉलेजचं आणि त्या मिडल स्कूलचं ठरलेलंच होतं. दरवर्षी कॉलेजनं पोरं पाठवायची, शाळेनं वर्ग द्यायचे. सातवीचा वर्ग दुर्गाबाईंचा. बाई नॉर्मल स्कूलमधून मास्तरकीचं शिक्षण घेऊन पास झालेल्या, लवकर विधवा झालेल्या, नऊवारी लुगडं आणि खणखणीत आवाज. आम्ही त्यांचे तास घ्यायचो, आणि बुडालेला भाग त्या शाळा सुटल्यावर तासभर थांबून भरून काढायच्या. आम्हाला वर पोहेही करून घालायच्या. म्हणायच्या, "परक्या गावात आले, उपाशी कसं ठेवू?" आम्ही ताव मारायचो. त्यांचं काम आम्ही वाढवतोय हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. शिक्षक व्हायला निघालो होतो ना आम्ही!

त्या वर्गात जमुना होती. आई मैनाबाई पानमळ्यावर मजुरीला, बाप नव्हता. घर बौद्ध वस्तीतलं. बाईंचा सगळा जीव या पोरीवर. अमरावतीच्या मुलींच्या वसतिगृहात तालुक्यातून एक मुलगी सरकारी खर्चानं घेणार होते, आणि ती निवडायला शाळा तपासनीस बाई स्वतः येणार होत्या. गावात मुलींसाठी पुढचा वर्ग नव्हता. जागा मिळाली तर जमुना शिकेल, नाही तर पानमळा. इतकं सरळ होतं ते.

आता माझं कर्तृत्व. माझा पाठ होता खारे वारे आणि मतलई वारे. समुद्र कधी न पाहिलेल्या पोरांना समुद्राचे वारे! आमच्या पद्धतीत आधी प्रस्तावनेचे प्रश्न विचारायचे, पोरांना अडवत अडवत विषयापर्यंत आणायचं, आणि मग फळ्यावर विषय लिहायचा. तो त्यांना आधीच ठाऊक असला तर पाठ फसला. मी पहिला प्रश्न विचारला आणि जमुनानं उठून अख्खा पाठ सांगून टाकला, तापलेल्या जमिनीसकट. हाच पाठ आदल्या वर्षीच्या पोरांनी याच मुलांना सहावीत दोनदा दिला होता. आमची पाठांची टाचणं वहीवरून वहीत उतरत आलेली, दुसरं काय होणार? प्राध्यापकांनी शेरा दिला : प्रस्तावना फसली.

परीक्षेलाही तोच पाठ होता. मी बाईंकडे गेलो. "बाई, परीक्षक येतील त्या दिवशी जमुनाला गप्प बसवा. माझं वर्ष जाईल."

"हुशार पोरीले गप्प बसवू? तुमी मास्तर होऊन राहिले का कोन?" बाई भडकल्या. पण मी रडवेला झालो होतो, आणि बाईंना कुणाचं रडणं बघवत नसे. त्यांनी जमुनाला माझ्यासमोरच सांगितलं, "मागच्या बाकावर पाव्हने मास्तर बसले म्हनजे तू बोलू नको, बेटा. काई इचारलं तरी नाही."

मंगळवारी परीक्षकांपुढे माझा पाठ छान झाला. जमुना मान खाली घालून बसली होती.

गुरुवारी तपासनीस बाई आल्या. निरीक्षण म्हणून आम्ही आठही जण नेहमीप्रमाणे वह्या घेऊन मागच्या बाकांवर. त्यांनी जमुनाला उभं केलं. काळ्या जमिनीत ओल जास्त दिवस का टिकते? जमुनानं मागे आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दुसरा प्रश्न, तिसरा. तपासणीत वर्गशिक्षिकेनं मध्ये बोलायचं नसतं. दुर्गाबाई हातातला खडू मोडत उभ्या होत्या. तपासनीस बाई म्हणाल्या, "मंद आहे. हिच्यासाठी एवढी शिफारस?" आणि जागा दुसऱ्या शाळेतल्या मुलीच्या नावानं लिहिली गेली.

त्या गेल्यावर बाईंनी पोरीला हलवून विचारलं, "बोलली काहून नाही व?"

"मास्तर लोक मागं होते न, बाई. तुमीच सांगतलं होतं."

बाई तशाच माझ्याकडे आल्या. "चला डाकबंगल्यावर, साहेबीण तिथंच उतरल्या हाये. मी सांगतो, तुमी हो म्हना."

मी म्हणालो, "रिझल्ट लागू द्या, बाई."

त्या एकट्या गेल्या. संध्याकाळी तपासनीस बाईंचा शिपाई आमच्याकडे कागद घेऊन आला : विद्यार्थिनीस गप्प बसण्यास सांगितले होते काय? आम्ही लिहून दिलं की असा काही प्रकार घडलेला नाही. आठ सह्या. पहिली माझी, कारण अक्षर माझं चांगलं. बाई खोट्या ठरल्या आणि जूनमध्ये मेळघाटच्या पायथ्याशी एकशिक्षकी शाळेत फेकल्या गेल्या. मी पहिल्या वर्गात पास झालो आणि त्याच कॉलेजात शिकवायला लागलो.

सहा वर्षांनी परतवाड्याच्या मोटार स्टँडवर बाई दिसल्या. केस पांढरे, आवाज तोच. मी वाकलो तर पाय मागे घेतले. मी जमुनाचं विचारलं.

"लगन झालं. दोन लेकरं हाये. मागच्या साली भेटली होती. मी म्हनलं, पोरी, माह्यामुळं तुझं वाटोळं झालं, मले माफ कर. तर मलेच समजावते. म्हने, तुमचं काई चुकलं नाही बाई, त्या साहेबीण बरोबर बोलल्या होत्या, मी मंदच होती." बाईंनी पिशवी उचलली. "हे तुमच्या कॉलेजातल्या पोराइले शिकवजा."

मी अजून शिकवलेलं नाही.