अकरा वर्षं न थांबलेली गाडी

माझी जुनी गाडी परदेशी कंपनीची होती. अकरा वर्षं ती मी भिंगार ते पारनेर रोज चालवली. पारनेरच्या कॉलेजात मी भूगोल शिकवते. माझे मिस्टर भिंगारलाच लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, आता रिटायर झालेत. त्यांच्याकडे आपल्याच देशातल्या कंपनीची जुनी जीप आहे. तिचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही.

मी गाडी घ्यायची ठरवली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "बिघडली तर पार्ट कुठून आणशील?"

"बिघडणारच नाही," मी म्हणाले.

हे बोलणं उर्मटपणाचं होतं, पण गाडीनं ते खरं करून दाखवलं. टायर, बॅटरी, ब्रेक, एवढंच काय ते बदललं. स्टाफरूममध्ये कुणी गाडी घ्यायची म्हटली की मी त्याच कंपनीचं नाव सांगायचे. दोघींनी माझ्या सांगण्यावरून घेतलीही. कंपनीनं मला कधी काही दिलं नव्हतं, तरी कुणी तिला नाव ठेवलं तर मला राग यायचा.

मग एक दिवस पेपरात आलं की कंपनी इथला कारभार बंद करतेय. शोरूमवाल्यांचा मेसेज आला, काळजी करू नका, सर्व्हिस चालू राहील. वर्षभरात त्या शोरूमच्या जागी सोफासेटचं दुकान आलं. घरी मी तो विषय काढला नाही.

गाडी थांबली ती गेल्या वर्षी, पारनेरच्या अलीकडच्या चढावर. वळणावर स्टेअरिंग एकाएकी दगडासारखं जड झालं. दोन्ही हातांनी ओढून मी कशीबशी गाडी कडेला घेतली. कांद्याचा टेम्पो घेऊन चाललेले एक जण थांबले. म्हणाले, "मॅडम, घाबरू नका. आमी थांबतो, तुमी घरी फोन लावा."

मी फोन हातात घेतला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. मग लावला.

पाऊण तासात जीप आली. मिस्टरांनी बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, दोन वायरी हलवून पाहिल्या. टोमणा येईल म्हणून मी तयारच होते. ते फक्त म्हणाले, "स्टेअरिंगची मोटर गेली. हे माझ्या हातातलं न्हाई." जीपला दोर बांधून आम्ही गाडी पारनेरच्या गॅरेजला नेली. गॅरेजवाले चाचा चाळीस वर्षं हेच काम करतात. त्यांनीही पाहून मान हलवली. "बाई, खोलून देतो, लावून देतो. पन वस्तू पायजे ना."

वस्तूसाठी अडीच महिने गेले. कंपनीच्या नंबरावर एक मुलगी गोड आवाजात माझी तक्रार नोंदवून घ्यायची, आणि पुढच्या वेळी दुसरी मुलगी पहिल्यापासून सगळं विचारायची. मी गाडीचा नंबर, मॉडेल, वर्ष पाठ म्हणायचे. पुढे पुढे रागसुद्धा येईना.

त्या दिवसांत मिस्टर मला जीपनं कॉलेजला सोडायचे. जीप दोनदा रस्त्यात बंद पडली. एकदा त्यांनी ट्यूबची पट्टी बांधून पाण्याचा पाइप आवळला, एकदा नुसता हातोडीनं स्टार्टर ठोकला. दोन्ही वेळा मी तासाला उशिरा पोचले, आणि दोन्ही वेळा ते खुशीत होते. दुसऱ्यांदा माझा तोल गेला.

"रोजचं हे असलं कसं चालवून घेता तुम्ही? म्हणून मी ती गाडी घेतली होती. रस्त्यात कुणाच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून."

ते फडक्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हाईत हाय मला. अकरा वर्षांत तू मला एकदा पन रस्त्यावरून बोलावलं न्हाईस. वर्कशॉपमधी बाकीच्यांना त्यांच्या बायकांचे फोन यायचे."

मला वाटायचं, त्यांना माझा त्रास होत नाही हे बरंच आहे.

शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारातून मिस्टरच मोटर घेऊन आले, दुसऱ्या कुठल्या तरी मोडीत निघालेल्या गाडीची. चाचांनी ती बसवली. पाच महिने चालली आणि परत तेच झालं. या वेळी मी कंपनीला फोन केला नाही. तिसगावच्या एका कापडदुकानदाराकडे तसलीच गाडी होती. त्याला आपल्या गाडीसाठी पार्ट काढायला माझी हवी होती. तो हौसेनं सांगत होता, "तुमची खोलून माझी अजून दहा वर्षं काढतो बघा." मिस्टरांनी त्याला गाडीतलं काय काय चांगलं आहे ते अर्धा तास समजावून सांगितलं. गाडी नेली तेव्हा मी आत भांडी लावत होते.

नवी गाडी मिस्टरांच्या पसंतीची घेतली, आपल्या देशातल्या कंपनीची. चौथ्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मिस्टर पाना घेऊन उत्साहानं बाहेर गेले, बॉनेट उघडलं, आणि आत सगळं काळ्या प्लास्टिकच्या झाकणाखाली. थोड्या वेळानं ते पाना घेऊन आत आले.

नगरच्या सर्व्हिस सेंटरला आम्ही तीनदा गेलो. तिथं गिऱ्हाइकाला आत सोडत नाहीत. काचेच्या पलीकडे एक जण गाडीला लॅपटॉप जोडून बसतो, हाताला डागसुद्धा नाही. मिस्टर काचेपाशी हात मागं बांधून उभे राहतात.

तिसऱ्या खेपेला मी विचारलं, "काय म्हणतायत?"

"सॉफ्टवेअर म्हन्त्यात."

"म्हणजे?"

"म्हंजी त्यांनाबी म्हाईत न्हाई."

परवा स्टाफरूममध्ये एका नव्या शिक्षिकेनं विचारलं, मॅडम, गाडी कोणती घेऊ? मी तिला म्हणाले, तुझ्या घराजवळ कुणाचं गॅरेज आहे ते आधी बघ. ती हसली. तिला ती गंमत वाटली असावी. बेल झाली तसे मी नकाशे उचलले आणि वर्गावर गेले.