कापसाची फळी

आमच्या स्वयंपाकघरात समोरासमोर दोन फळ्या आहेत. एक दत्तू सुतारांनी खाचेत खाच बसवून केलेली, दुसरी मी खिळ्यांनी ठोकलेली. माझी पाहून दत्तूभाऊ तेव्हा म्हणाले होते, "साहेब, खाचेशिवाय फळी म्हणजे नुसती टेकलेली. वर्ष काढलं तर सांगा मला."

त्याला नऊ वर्षं झाली. परवा दत्तूभाऊ आले ते स्वतःचीच फळी दुरुस्त करायला. सांधे जागचे हलले नव्हते, पण फळी मधोमध वाकली होती. मी माझ्या फळीकडे बोट दाखवलं. "बघा! नियम मोडून तश्शीच्या तश्शी!"

त्यांनी शांतपणे विचारलं, "वहिनी, हिच्यावर ठेवता काय?"

"कापूस, वाती, रिकामे डबे," बायको म्हणाली. "जड सगळं तुमच्या फळीवर. हिचा काय भरवसा?"

मला वाटलं, माणसांचंही असंच असतं. भरवशाच्या माणसावर तो वाकेपर्यंत लादत राहतात. माझी पाठ मात्र या वयातही ताठ आहे, म्हणून जरा बरं वाटलं.

तेवढ्यात बायकोने माझ्या हातात पिशवी दिली. "तेवढी कोथिंबीर आणा. दळणाचा डबा मी आणते."