लिंबाच्या पाल्यातली पुस्तकं

चंद्रभानला आमच्या गावात कुणी वाईट म्हणत नाही. ‘लय भला मानूस, पर डोक्यानं जरा...’ असं म्हणतात आणि कानाजवळ बोट फिरवतात. मला त्याचा संताप येतो. त्या माणसाच्या हातून एकच चूक झाली, तीही चांगलं करायला जाऊन. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि वेळेवर तोंड उघडलं नाही. म्हणून आता सांगायला बसलो आहे.

गाव देवगाव फाट्यापासून तीन कोस आत. निजामाच्या अमलात चंद्रभान तहसिलीत नक्कलनवीस होता. समोर येईल त्या कागदाची उर्दूत हुबेहूब नक्कल करायची, एवढंच काम, पण अक्षर मोत्यासारखं. पोलीस ॲक्शन झाली, दफ्तराची भाषा बदलली आणि चाळिशीच्या उंबऱ्यावर चंद्रभान एका दिवसात अडाणी ठरला. जन्मभर मराठी बोललेला माणूस, पण मराठी लिहिता येत नव्हतं. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. हा माझ्या शाळेत पहिलीच्या पोरांमागं येऊन मांडी घालून बसला. पोरं खिदळायची.

‘हसू द्या गुरुजी,’ तो म्हणायचा. ‘माझ्या गिरवण्यानं त्यांची करमणूक व्हायलीय, माझं काय बिघडतंय?’

अक्षरं आली तशी त्याला गावाला वाचायला लावायची भूक लागली. तालुक्याला खेपा घालून घालून त्यानं सत्तावन्न सालच्या चैतात समाजशिक्षणाच्या साहेबांकडून पुस्तकांची फिरती पेटी मिळवली. हिरवी लोखंडी पेटी, आत साठ पुस्तकं. साहेबांनी चावडीच्या खोलीत पेटी उघडून दाखवली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, ‘जूनअखेर मी येतो. पुस्तकं सगळी जागेवर असली आणि वाचणारी माणसं दिसली, तर पेटी कायमची तुमच्या गावाची. नाही तर पुढच्या गावाला.’

चंद्रभाननं त्याच दिवशी खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं: सार्वजनिक वाचनालय. एवढी सुबक अक्षरं मी सरकारी पाटीवरही पाहिली नाहीत.

उन्हाळ्यात शेतं रिकामी असतात आणि माणसंही. त्याच दिवसांत धनगरांची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसायला यायची. चंद्रभाननं हा हंगाम बरोबर हेरला. दिवस कलला की पारावर वाचन, मग तासभर बाराखडी. पहिल्या आठवड्यात सहाजण आले, वैशाखात चाळीस झाले. त्यात ह्या धनगरांच्या तळावरची कासाबाई होती. वय पन्नाशीच्या पुढं, हातात काठी, मागं दोन शेळ्या. ती कशाला शिकते, असं मी विचारलं.

‘एसटीच्या पाटीवर काय लिवलंय ते कळाया पायजे,’ ती म्हणाली. ‘फाट्यावर हुबी ऱ्हायले की ज्याचं त्याचं तोंड बगावं लागतंय. जिंतूरची म्हनून चढावं आन सेलूत उतरावं, असं दोनदा झालंय.’

आणि मग ताप आला. मद्रासकडून रेल्वेनं आला, असं म्हणत. परभणीत घरटी दोन माणसं अंथरुणाला खिळली, पिंगळी स्टेशनावर तिकीट द्यायला माणूस उरला नाही, अशा बातम्या यायला लागल्या. माणसं जमवू नका, असा वरून हुकूम आला. पारावरचं वाचन बंद झालं. वाचनालयाला कुलूप लागलं.

चंद्रभान दोन दिवस घरात फेऱ्या मारत होता. तिसऱ्या दिवशी खांद्याला पडशी अडकवून निघाला. ‘मानसं येत न्हाईत तर पुस्तकं जातील,’ म्हणाला. घरोघर उंबऱ्याबाहेर उभा राहून पुस्तक द्यायचा, आठ दिवसांनी बदलून न्यायचा. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी एकटा बसून मोठ्यानं वाचायचा, लोक आपापल्या ओट्यावरून ऐकायचे. मी त्याला वेडा म्हणालो, पण मनातून मला त्याचा हेवा वाटला. चाळीसजणांपैकी अडतिसांची घरं त्यानं धरून ठेवली होती.

एका घरातलं पुस्तक दुसऱ्या घरात जाणार, त्याबरोबर रोग जाऊ नये, ही त्याला काळजी. म्हणून परत आलेलं पुस्तक तो दिवसभर उन्हात घालायचा आणि पानापानात कडुलिंबाचा पाला ठेवायचा. ही त्याची दफ्तरातली सवय. तहसिलीत कागदांच्या गठ्ठ्यांना, बस्त्यांना, कीड लागू नये म्हणून पाला घालत, बारा वर्षं त्यानं तेच केलं होतं. त्याच्या लेखी लिंब म्हणजे कागदाचा राखणदार.

गावाच्या लेखी लिंब म्हणजे दुसरंच. घरात देवी आली की दाराला लिंबाचा डहाळा लागतो, अंथरुणात पाला पसरतात, तिथं मोठ्यानं बोलायचं नाही, विटाळ होऊ द्यायचा नाही. हे चंद्रभानला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हातात पुस्तक आलं की तो गावातला उरत नसे, दफ्तरातला होई.

एकदा मी भिवराबाईच्या घरी गेलो होतो. म्हातारी एकटी राहायची, सुट्टीत येणाऱ्या नातवासाठी पुस्तक घेतलं होतं. पाहतो तर पुस्तक देव्हाऱ्यात, वर हळदकुंकू, पुढं दहीभाताचा मुटका. मला हसू आलं. मी घरी जाऊन बायकोला ती गंमत सांगितली. चंद्रभानला सांगितली नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून. त्या दिवशी सांगितलं असतं तर त्यानं रातोरात सगळा पाला काढून टाकला असता.

ज्येष्ठात भिवराबाई तापानं गेली. चार दिवसांनी वाचनाला येणाऱ्या अंगदची बायको गेली, सहा महिन्यांची गरोदर होती. मृग कोरडाच चालला होता. दोन्ही घरांत पुस्तकं होती. तशी ती अडतीस घरांत होती, पण मेलेल्यांच्या घरचा हिशेब माणूस आधी मांडतो. माणिकराव पाटलांनी ठरवलं, मरीआईचा गाडा काढायचा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सुतार लहानसा लाकडी गाडा करतो. त्यावर हिरवं लुगडं, बांगड्या, नारळ, दहीभात ठेवतात आणि रोगराईला त्यात बसवून वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडतात. पुढचं गाव तो आपल्या शिवेबाहेर ओढतं, मग त्याच्या पुढचं. गाड्यावरची वस्तू जो उचलेल तो रोग घरी आणील, असा समज.

त्या दिवशी चंद्रभान घरात होता. त्याची बायको धुरपताबाई तापानं फणफणली होती, तो कपाळावर पाण्याच्या पट्ट्या बदलत होता. वाजंत्री ऐकून मी पारावर गेलो तर बायका एकेक करून येत होत्या, पदराखालून पुस्तक काढत होत्या, कुंकू लावून दोन्ही हातांनी गाड्यावर ठेवत होत्या. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाहुणी वाटे लावावी तसं चाललं होतं. मी चंद्रभानला बोलवायला पळालो.

तो तसाच ओल्या हातांनी आला. ‘पाटील, त्यात देवी न्हाई,’ तो म्हणाला. ‘पाला म्या घातलाय. किड्यासाठी घातलाय.’

‘तुमी घातलाव, खरं हाय,’ माणिकराव शांतपणे म्हणाले. ‘पर घातल्यावर ती बसली त्यात. तुमच्या घरी धुरपताबाई पडलीया, तिचा तरी इचार करा.’

चंद्रभाननं माझ्याकडं पाहिलं. मी गावचा मास्तर. मी काही बोलावं, एवढंच त्याला हवं होतं. मी खाली पाहिलं. गाडा निघाला.

धुरपताबाईनं आवाज ऐकला होता. तो परत आला तेव्हा ती म्हणाली, ‘जाऊ द्या त्यांला. तुमी हितं बसा.’

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं निघालो. आमच्या शिवेवर गाडा नव्हता, त्याच्या पुढच्या गावच्या शिवेवरही नव्हता. तिसऱ्या शिवेवर बाभळीखाली सापडला. पुस्तकांवर कुंकवाचे ओघळ वाळले होते, वरच्या एकावर दहीभात सांडून मुंग्या लागल्या होत्या. आसपास चिटपाखरू नव्हतं. मी म्हणालो, ‘घ्या. कोण बघतंय?’

त्यानं हात पुढं केला. एका पुस्तकावरचा भात बोटानं निपटला. मग हात मागं घेतला.

‘गुरुजी, ही परत नेली आन उद्या गावात कुणी मेलं, तर ते माझ्या पुस्तकानं मेलं, असं व्हईल,’ तो म्हणाला. ‘मंग ह्यांची लेकरंबी पुस्तकाला शिवायची न्हाईत. ऱ्हाऊ द्या.’

मला वाटतं त्यानं बरोबर केलं. आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण आठ दिवसांत ताप उतरला. तसाही तो एका गावात महिनाभरच टिकतो. पण गावानं ताडून पाहिलं: पुस्तकं गेली, ताप गेला. धुरपताबाईही उठून बसली. आता चंद्रभाननं कुणाला आणि काय समजवायचं? त्याच्याच घरात पुरावा चालत-बोलत होता.

जूनअखेर साहेब आले. पेटी उघडली, आत बावीस पुस्तकं. साहेब चांगला माणूस होता, त्यानं तीन-तीनदा विचारलं. माणिकरावांनी सरळ सांगितलं, ‘देवीला दिली.’ साहेबांनी वाचणारी माणसं बोलवायला सांगितली. कुणी आलं नाही.

पेटी गाडीवर चढली तेव्हा कासाबाई शेळ्या घेऊन आली आणि पदरातून पुस्तक काढून चंद्रभानपुढं धरलं. गाड्यावर न गेलेलं ते एकच होतं.

‘तुमी न्हाई दिलं?’ त्यानं विचारलं.

‘आर्धं वाचायचं ऱ्हायलंय की,’ ती म्हणाली. ‘पाला शेळीला टाकला. माजी शेळी रोज लिंब खाती, तिला कुटं देवी आलीया?’

चंद्रभान हसला. त्या उन्हाळ्यात मी त्याला तेवढंच हसताना पाहिलं. साहेबांना म्हणाला, हे एवढं तिच्याजवळ राहू द्या. साहेब म्हणाले, ‘मला तसं करता येत नाही हो.’ पुस्तक पेटीत गेलं, पेटी फाट्याकडं गेली.

‘आता म्या काय वाचू, भाऊ?’ कासाबाईनं चंद्रभानला विचारलं.

उत्तर तिनंच शोधलं. त्या वर्षी पाऊस लांबला, तिची मेंढरं महिनाभर आमच्या रानात राहिली. रोज सकाळी शेळ्या नेताना ती चावडीपाशी थांबायची आणि भिंतीवरचं गेरूचं वाचायची. सा-र्व-ज-नि-क. जोडाक्षराशी अडखळायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. चंद्रभानचं घर समोरच. दार लोटून घेतलं तरी आवाज आत जायचा. धुरपताबाईनं मला सांगितलं, तो आवाज सुरू झाला की हे भिंतीकडं तोंड करून बसतात.

एके दिवशी भल्या सकाळी मी शाळेला निघालो तर चंद्रभान चावडीच्या भिंतीवर चुना फासत होता. स्वतःची अक्षरं एकेक करून बुजवत होता, तितक्याच सुबकपणे, एक रेघ न सोडता. मी थांबलो नाही. मला थांबायची हिंमत झाली नाही.

थोड्या वेळानं कासाबाई आली. ओल्या भिंतीपुढं उभी राहिली, मग शेळ्यांना हाकत रानाकडं गेली. त्यानंतर ती त्या वाटेनं आली नाही.