मामा फोन घेतात

माझ्या बायकोच्या मामांशी जो एकदा फोनवर बोलला, तो पुन्हा जन्मात फोनवर वाटेल ते बोलायला धजणार नाही. मामा उभी हयात रेल्वेत स्टेशनमास्तर होते आणि तिथला एक नियम त्यांच्या हाडीमासी खिळला होता. पुढच्या स्टेशनाहून फोनवर निरोप आला की ऐकणाऱ्यानं तो शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवायचा, सांगणाऱ्यानं "बरोबर" म्हणायचं, आणि मगच गाडी हलवायची. मामा निवृत्त होऊन बडोद्याला सयाजीगंजात राहायला आले, पण नियम काही निवृत्त झाला नाही. भाजीवालीनं "बे रुपियानी कोथमीर" म्हटलं की हे "बे रुपियानी कोथमीर, बराबर?" विचारणार, आणि ती हो म्हणेपर्यंत पिशवीचं तोंड उघडणार नाहीत. मामी सांगायच्या, की बघण्याच्या वेळी त्यांच्या वडिलांनी "मुलगी दिली" म्हटल्यावर मामांनी भर बैठकीत "मुलगी दिली. बरोबर?" असं विचारून घेतलं होतं. पाहुणे निघाले की मामा फाटकाशी हात वर करून उभे राहत, आणि स्कूटरचा मागचा लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत तो हात खाली येत नसे. आम्ही सगळे त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. मी तर नक्कलही छान करायचो.

मग माझ्यावर वेळ आली. कर्जं तेव्हा नुकतीच घरपोच मिळायला लागली होती. टाय लावलेला एक हसतमुख गृहस्थ सह्या घेऊन गेला आणि गोत्री भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिज, सोफा, सगळं येऊन बसलं. वर्ष उलटतंय न उलटतंय तोच सावली गावाकडचा आमचा कारखाना बंद पडला. पगार थांबला, हप्ते तुंबले आणि फोन सुरू झाले. सकाळी देवपूजेच्या वेळी, दुपारी पानावर बसलो असताना, केव्हाही. बोलणारे माझ्या आईवडिलांचा उद्धार करत, सोसायटीत तमाशा करू म्हणत. फोन वाजला की माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहायची, पुढचं काही कानावर पडू नये म्हणून. वायर काढून ठेवावी, तर तीही सोय नव्हती. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मी मुलाखत देऊन आलो होतो आणि "फोन करीशुं" एवढंच उत्तर मिळालं होतं. शिव्याही त्याच फोनवर येणार आणि नोकरीही त्याच फोनवर. मी त्या डबड्याकडे बघत दिवस काढायचो, आणि ते वाजलं की माझा हात काही पुढे होत नसे.

शेवटी सुनंदानं मामांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा इस्त्रीचा शर्ट घालून हजर. "जावईबापू, तुम्ही जरा बाजूला बसा," एवढं बोलून त्यांनी फोनशेजारी खुर्ची ओढली आणि ड्यूटीवर बसले. थोड्याच वेळात फोन वाजला. पलीकडचा इतका ओरडत होता की मला खोलीभर ऐकू येत होतं.

"पैसा नहीं भरा तो घर आके टांग तोड देंगे."

"पैसा नहीं भरा तो घर आके टांग तोड देंगे," मामांनी सावकाश आणि स्पष्ट म्हणून दाखवलं. "बराबर?"

मामांनी शेजारचा कागद पुढे ओढला.

"आप बराबर बोलिए, तो आगे बढेंगे. कौन सी टांग? और आपका शुभ नाम, हुद्दा?"

फोन आपटल्याचा आवाज आला. मामा जरा हिरमुसले. निरोप अर्धवट राहिला होता ना.

मग रोज हेच चाललं. शिवी आली की मामा ती शिवीसुद्धा, काना-मात्रा न बदलता, स्तोत्र म्हणावं तशी परत म्हणायचे. आपलीच शिवी दुसऱ्याच्या तोंडून इतक्या अदबीनं ऐकायची कुणाला सवय नसते. एकेक आवाज गळत गेला. सुनंदा नळ बंद करून दाराशी येऊन उभी राहायला लागली, आणि कितीतरी दिवसांनी मी तिला तोंडाला पदर लावून हसताना पाहिलं. एक इसम मात्र चिवट निघाला. तो एकदा रडकुंडीला येऊन म्हणाला, "काका, मैं क्या करूं? मेरे साहब भी मेरे को ऐसे ही बोलते हैं."

"मेरे साहब भी मेरे को ऐसे ही बोलते हैं. बराबर?"

मी रिसीव्हरशी कान नेला. मग हळूच आलं, "बराबर, काका."

त्यानंतर त्याचा आवाज कधी चढला नाही. नोकरी लागली की पहिल्या पगारापासून हप्ता भरू, असं मामांनी त्याला सांगितलं, आणि अर्थातच त्याच्याकडून ते परत म्हणवून घेतलं.

आणि मग नेमकं नको तेच झालं. मी अंघोळ करत होतो. बाहेरून मामांचा आवाज आला, "सोमवारे सवारे आठ वागे आगळना दरवाजे आववानुं. बराबर? आपनुं शुभ नाम? होद्दो?" मी पंचा गुंडाळून साबणासकट बाहेर धावलो. माझी नोकरी फोनवर आली होती आणि मामा तिची उलटतपासणी घेत होते. मी हात जोडले. मामांनी तळहात वर करून मला सिग्नलबाहेर गाडी थांबवावी तसं थांबवलं. सगळं दुसऱ्यांदा वदवून झाल्यावर रिसीव्हर ठेवून म्हणाले, "पाठीमागचं फाटक. आधी पुढचं म्हणाले होते. परत म्हणून दाखवल्यावर त्यांच्याच ध्यानात आलं, की पुढचं सध्या बंद आहे."

सोमवारी पाठीमागच्या फाटकातून मी वेळेवर आत गेलो. तिथल्या साहेबांना मामांनी पार दमवलं होतं; ते हसत म्हणाले, "तमारे घरे पेला काका कोण छे? मने साव थकवी दीधो." आणि मला कामावर घेतलं. हप्ते पुन्हा सुरू झाले, फोन थांबले. ते थांबल्यावर किती हायसं वाटलं, काय सांगू? त्या रविवारी दुपारी जेवून जो आडवा झालो तो थेट दिवेलागणीला उठलो. मामांची नक्कल मी त्यानंतर कधी केली नाही.

मामी गेल्यावर मामा नागपूरला मुलीकडे कायमचे राहायला निघाले. कान तोवर पार गेले होते. फोनवर तर त्यांना काहीच कळत नसे. आम्ही त्यांना स्टेशनवर पोचवायला गेलो. खिडकीशी बसून ते मला म्हणाले, "जावईबापू, फोन वाजला तर घाबरायचं नाही. उचलायचा."

"हो मामा, हो," मी म्हणालो. ते तसेच माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी गजांशी तोंड नेलं आणि त्यांना ओठ दिसतील असं सावकाश म्हटलं, "फोन वाजला तर घाबरायचं नाही. उचलायचा. बरोबर?"

"बरोबर," मामा म्हणाले, आणि मगच गाडी हलली.