अक्काचं पोट आणि अंबूबाईंची पातेली

मला उष्टं बघितलं की शिसारी येते. दुसऱ्यानं दही कालवून चिवडलेला भात, कडंला चावून ठेवलेली मिरची, दात लागलेली भाकरी. शी! माझ्या थोरल्या बहिणीनं हे पंचवीस वर्षं खाल्लं. तिचं नाव अक्काताई, आम्ही सगळी अक्काच म्हणतो. मी तिची धाकटी, झुंबर. माझं सासर कोल्हापुरात राजारामपुरीला, तिचं जयसिंगपुरात. तिची गोष्ट सांगताना माझं तोंड वाकडं झालं तर होऊ दे.

अक्काचे मालक जयपाल, म्हणजे आमचे दाजी, यांचं धान्याचं दुकान. माणूस वाईट न्हाय, पण घर चालायचं त्यांच्या आईच्या, अंबूबाईंच्या हुकमावर. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर खायाचं न्हाय, रातभर राहिलेलं खायाचं न्हाय आणि ताटात टाकायचं न्हाय. माझी काय तक्रार न्हाय, आमच्या माहेरीबी हेच होतं. पण आमची आई खाणारी तोंडं मोजून तांदूळ घ्यायची. अंबूबाईंना पातेलं काठोकाठ भरलेलं लागायचं. का, तर दुकानातनं पावणं आलं म्हणजे? पावणं यायचं महिन्यातनं एकदा, आणि अन्न उरायचं रोज!

नव्वद साली एवढा मोठा फ्रिज घेतला, त्यात दूध आणि अंबूबाईंची औषधं. शिजवलेलं रातभर ठेवायचं न्हाय म्हटल्यावर ते जाणार कुठं? गड्याला द्यावं तर म्हणायच्या, उष्टं दिलं तर पाप लागतं. जनावराला घालावं तर, "आमचं अन्न काय उकिरड्यावर पडलंय व्हय?" मग राहिलं कोण? सून!

साडेपाचला सगळ्यांची जेवणं उरकली की अक्का ओट्याखाली पाट टाकून बसायची. समोर पातेली आणि एका ताटात सगळ्यांचं राहिलेलं गोळा केलेलं. दाजींची अर्धी भाकरी, पोरगा जिनेंद्र याचा दूधभात, आणि अंबूबाईंनी कवळीला चावत न्हाईत म्हणून चघळून बाजूला ठेवलेल्या भाकरीच्या कडा. खिडकीतल्या उन्हाकडं बघत ती भराभरा गिळायची, मावळायच्या आत संपलं पायजे म्हणून. शेवटी ताट धुवून ते पाणीबी पिऊन टाकायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तोंडावर हात धरून मोरीकडं पळालतो.

लग्नात पंचेचाळीस किलोची पोरगी नव्वद सालात ब्याऐंशी किलोची झाली आणि दोन हजार पाच साली एकशे सोळा. साखर, बीपी, गुडघे गेलेले, झोपेत श्वास अडकायचा. जिना बसत बसत चढायची. लोक हसून म्हणायचे, "अक्काताई खात्यापित्या घरच्या!" खात्यापित्या घरच्या म्हणे! तिच्या ताटात काय पडतंय ते एकदा येऊन बघा की.

शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, वजन उतरलं न्हाय तर ही बाई चार वर्षं काढायची न्हाय. दाजी घाबरले. ऑपरेशन करून पोट शिवून लहान केलं, लिंबाएवढी पिशवी ठेवली. नंतर दोन महिने अक्का माझ्याकडं राहणार होती, म्हणून आहार ठरवणाऱ्या बाईंनी मलाच समोर बसवलं. आधी पातळ, मग मऊ, मग घट्ट. एका वेळी चार चमचे, दिवसातनं सहा वेळा. पहिल्यांदा मूग, पनीर, घट्ट दही. भात शेवटी, तोबी जागा राहिली तर. घास पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी न्हाय, अर्ध्या तासानं घोट घोट घ्यायचं. पोट भरलं की हातातला घास खाली ठेवायचा. गोळ्या जन्मभर. बळंच खाल्लं तर उलटी होणार, आणि रोजच बळं केलं तर पिशवी परत ताणणार, मग सगळं मुसळ केरात.

"एखादं खाणं रात्री नाही चालणार?" बाईंनी विचारलं. अक्का न्हाय म्हणाली. मग सहाच्या सहा खाणी दिवसाउजेडी बसवाय लागली. मी सकाळी सातपासनं घड्याळ लावायचो.

माप म्हणून माझ्या लेकीच्या, ऐश्वर्याच्या, उष्टावणातली चांदीची वाटी काढली. पहिल्या दिवशी ती वाटी बघून अक्का रडली.

"झुंबर, एवढ्यावर माणूस जगतंय व्हय गं?"

"जगतंय की. तू जगून दाखव."

आणि तिनं दाखवलं! दोन महिन्यांत अठरा किलो उतरली. राजारामपुरीतल्या गल्ल्या चालून पालथ्या घातल्या. जिना उभ्यानं चढाय लागली. एकदा वर जाऊन मला हाक मारली आणि लहान पोरीसारखी हसली. मला रडूच आलं.

सोडाय गेलतो तेव्हा चांदीची वाटी तिच्या पिशवीत घातली आणि सगळं कागदावर लिहून अंबूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी तो कागद देव्हाऱ्यात ठेवला. तिथंच राहिला.

तीन आठवड्यांनी फोनवर अक्काचा आवाज बसलेला ऐकला. काय झालं विचारलं तर म्हणाली, काय न्हाय. मी दुसऱ्या दिवशी एसटी धरली. पोचलो तेव्हा सहाला दहा कमी होते. थेट स्वयंपाकघरात गेलो तर अक्का ओट्याखाली पाटावर. शेजारी चांदीची वाटी, चाटूनपुसून संपलेली. आणि पुढ्यात तेच ताट!

"अक्का, काय करायलीस?"

"वाटीतलं खाल्लं गं मी. आता हे एवढंसं राहिलंय, ते—"

बोलता बोलता उठली आणि मोरीकडं धावली. मी मागनं जाऊन पाठीवर हात फिरवत बसलो. आंबूस वास, न चावलेला दहीभात, भाकरीच्या त्या कडा. मला शिसारी आली. पण किळस अक्काची न्हवती आली.

दारात अंबूबाई उभ्या. "अन्न ओकून टाकलं व्हय? केवढं पाप!"

मागनं दाजी म्हणाले, "झुंबर, अगं दोनच घास तर असत्यात. आईला वाईट वाटतंय म्हणून."

"रोज ओकतीयास?" मी अक्काला विचारलं. तिनं व्हय म्हणून मान हलवली.

माझं डोकंच फिरलं. ते ताट उचललं आणि दाजींच्या पुढं धरलं.

"दोनच घास हायत, दाजी. दिवस मावळायला अजून वेळ हाय. खावा."

ते दचकले. "हे? अगं हे जिनेंद्राचं उष्टं हाय, आईचं हाय."

"मग? तुमच्याच आईचं न्हवं?"

दाजी मागं सरले. मी ताट अंबूबाईंकडं फिरवलं. त्यांनी नाकाला पदर लावला आणि तोंड फिरवलं.

"काढ ते तिकडं. मला मळमळतंय."

"मळमळतंय? आणि हिला पंचवीस वर्षं काय गुलाबाचा वास येत होता?"

एवढ्यात अक्का भिंतीला धरून मोरीतनं उठली. तोंड पुसलं, माझ्या हातातनं ताट घेतलं. मला वाटलं, आता ही भांडण मिटवाय ते खाणार. तिनं मागचं दार उघडलं आणि शेजारच्यांच्या म्हशीच्या पाटीत ताट पालथं केलं. सासूला कधी वर मान करून न बोललेली माझी बहीण, आत येऊन म्हणाली, "आत्ती, उद्यापासनं तांदूळ मी मोजून घेणार. पाप लागलं तर माझ्या डोक्यावर."

अंबूबाई चार दिवस तिच्याशी बोलल्या न्हाईत. जेवल्या मात्र रोज. आणि पाचव्या दिवसापासनं पातेल्यात शीत उरायचं बंद झालं. एवढं सोपं होतं ते! त्यासाठी एका बाईचं पोट कापाय लागलं.

वर्षभरात अक्का बहात्तर किलोवर आली. माझी तर छाती फुगलेली. जाईल तिथं मी सांगायचो, त्या घराला मीच सरळ केलं.

एका रविवारी ती माझ्याकडं आली. सकाळी उप्पीट केलतं. अक्कानं पिशवीतली चांदीची वाटी काढली, चार चमचे मूग चावून चावून खाल्ले आणि थांबली. ऐश्वर्या अर्धं उप्पीट टाकून खेळाय पळाली. मी आवराआवर करत होतो. बशी उचलली आणि अक्काच्या पुढ्यात ठेवली.

"अक्का, एवढं संपीव की. दोनच घास हायत, टाकायचं कशाला?"

तोंडातनं निघून गेलं आणि मग माझं मलाच ऐकू आलं.

अक्का चिडली न्हाय. बशी हळूच माझ्याकडं सरकवली. "दोनच घास हायत न्हवं? मग तू खा की, झुंबर."

मी बशीत बघितलं. बोटांनी चिवडलेलं उप्पीट, कडंला चावून ठेवलेला कढीपत्ता. मला मळमळाय लागलं.